पट्टी निघाल्यावर रेकॉर्ड थेट टेबलमध्ये बदलू द्यावं का?

मोंढ्यातला हिशेबनीस (लातूर)

सोयाबीनचा हंगाम आला की आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या काट्यावर दरवर्षी तोच वाद. कॉम्प्युटरवरचं पोरगं म्हणतं, "टेबल उघडून द्या, आकडा लगेच नीट करतो." मी म्हणतो, पट्टी (म्हणजे मालाच्या वजनाची शेतकऱ्याला द्यायची पावती) छापली की ते रेकॉर्ड कोणीही हात लावून बदलायचं नाही. चुकली तर पट्टी रद्द, तिच्यापुढे कारण, आणि नवी पट्टी.

आमचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसमध्ये बांधलेलं आहे. टेबल उघडलं की दिसतं एक्सेलसारखं, म्हणून लोक वागतातही तसंच. पण इथं सेव्हचं बटण दाबावं लागत नाही. कर्सर दुसऱ्या ओळीवर गेला की रेकॉर्ड सेव्ह. त्या दुसऱ्या ओळीत काही टाइप केलं की आधीचा आकडा परत मिळवायची सोय संपली. कुणी बदललं, कधी बदललं, काही मागे राहत नाही.

आणि माझं म्हणणं असं की रेकॉर्डमध्ये शिरून चूक दुरुस्त करायची वेळ येते ती रिपोर्टमध्ये कॉलम वेडेवाकडे लावलेले असतात म्हणून. आमच्या जुन्या रिपोर्टात भरलेलं वजन दुसऱ्या कॉलमला, मग गाव, मोबाइल, बँक खातं आणि पार शेवटी रिकामं वजन. कोण ताडून बघणार? मी दोन्ही वजनं, निव्वळ आणि कट्टे (पोती) शेजारी-शेजारी आणले आणि निव्वळ भागिले कट्टे असा 'सरासरी कट्टा' नावाचा एक कॉलम घातला. समजा ट्रॅक्टर भरलेला ६,४८० किलो, रिकामा ३,१२०, निव्वळ ३,३६०, कट्टे ५६. सरासरी बरोबर ६० किलो. आता ३,१२० च्या जागी १,३२० टाइप झालं तर निव्वळ ५,१६० होतं आणि सरासरी कट्टा ९२ किलोचा. ९२ किलोचा कट्टा कुठला हमाल उचलतो? पट्टी छापायच्या आधीच चूक पकडली जाते.

म्हणून कॉलमची मांडणी हवी तशी करा, रेकॉर्डला हात लावू नका.

उदगीरकर

साहेब, हे ऑफिसात बसून बोलणं झालं. काट्यावर ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना 'रद्द करा, कारण लिहा' हे कोण ऐकून घेतो?

आणि तुम्ही सगळ्या चुका एकाच मापाने मोजताय. वजन बदलणं वेगळं, खातं क्रमांकातला एक अंक नीट करणं वेगळं. खात्याचा अंक चुकला तर पैसे परत येतात आणि शेतकरी आठ दिवस बँकेच्या दारात. तिथं पट्टी रद्द करायची म्हणजे शेतकऱ्याला अहमदपूरहून पुन्हा बोलवायचं? सरळ टेबलमध्ये जाऊन अंक दुरुस्त केला, काम संपलं.

दुसरं, २०२४ च्या नोव्हेंबरात हमीभावाच्या खरेदीसाठी सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ केली. त्याआधी ओलाव्यात नाकारलेल्या नोंदी एकेक रद्द करत बसायचं की अपडेट क्वेरी टाकून एका झटक्यात फिरवायच्या?

मोंढ्यातला हिशेबनीस (लातूर)

उदगीरकर, खात्याचं मान्य. पण खातं क्रमांक पट्टीत असतोच कशाला? तो शेतकऱ्याच्या टेबलमध्ये हवा, पट्टीत फक्त त्याचा सभासद नंबर. तिथं एकदा दुरुस्त केला की पुढच्या सगळ्या पट्ट्यांवर बरोबर येतो.

ओलाव्याचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. मोजलेला ओलावा १३.५ होता, तो १३.५ च राहणार. बदलली ती मर्यादा. मर्यादा वेगळ्या टेबलमध्ये तारखेसह ठेवली असती, तर एकाही नोंदीला हात लावावा लागला नसता, 'पात्र/अपात्र' रिपोर्टनेच काढून दिलं असतं. तुमच्याकडे १२ हा आकडा थेट नोंदीत कोरून ठेवलेला असणार, म्हणून अपडेट क्वेरीची पाळी आली.

गोदाकाठ (परभणी)

हे सगळं नव्या पोरांचं कौतुक. आम्ही पतसंस्थेची सगळी खाती फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये ठेवली. ब्राउझ टाइप करायचं, टेबल समोर, बाण दाबत जायचं आणि दुरुस्त करायचं. वर्षअखेरीला ताळेबंद पैशाला पैसा जुळायचा. माणूस नीट असला की सॉफ्टवेअरला कुलपं लागत नाहीत.

आणि फॉक्सप्रो तुमच्या ॲक्सेसपेक्षा शहाणं होतं. डिलीट केलं तरी रेकॉर्ड जात नसे, त्याला फक्त खूण होई. रिकॉल दिलं की परत. कायमचं घालवायचं तर मुद्दाम पॅक द्यावं लागे. रिपोर्टात कॉलम अरुंद पडला तर आकड्याच्या जागी चांदण्या छापायचं, म्हणजे कळायचं की कॉलम रुंद करायचाय.

सीए, नांदेड

गोदाकाठ काका, पतसंस्था सहकार कायद्याखाली येते, शेतकरी उत्पादक कंपनी कंपनी कायद्याखाली. फरक मोठा आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद तारखेसह राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. पट्टीवरून खरेदीची नोंद होत असेल तर मी तरी विचारणारच की पट्टीत मागाहून बदल झाला का आणि त्याचा माग कुठं आहे. 'माणूस नीट आहे' हे मी अहवालात कसं लिहू?

उदगीरकरांच्या रांगेचं दुःख खरं आहे, पण ते संचालक मंडळापुढे मांडा आणि एक काटा वाढवून घ्या.

क्रिस्टलवाली (छत्रपती संभाजीनगर)

मूळ धाग्याशी अर्धी सहमत. 'कॉलमची मांडणी हवी तशी करा' हे मात्र फार धोक्याचं वाक्य आहे. रेकॉर्डला हात न लावताही रिपोर्ट खोटं बोलू शकतो आणि त्याचा माग तर कुठल्याच लॉगमध्ये नसतो.

क्रिस्टल रिपोर्ट्स या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वजनाचा फील्ड चुकून डिटेल्सऐवजी (जिथं प्रत्येक नोंदीची ओळ छापते) ग्रुप फूटरमध्ये (गटाच्या शेवटच्या ओळीत) टाका. गावातल्या सगळ्या शेतकऱ्यांची बेरीज येईल असं वाटतं, पण छापलं जातं फक्त शेवटच्या शेतकऱ्याचं वजन. बेरीज हवी तर बेरजेचा वेगळा फील्ड घालावा लागतो. तिथंच फील्ड कापायला परवानगी देणारी एक टिक असते. ती काढली तर अरुंद खोक्यात हॅशची रांग दिसते, फॉक्सप्रोच्या चांदण्यांसारखी. ती असली तर आकडा मुकाट कापून छापला जातो.

तुमच्या ॲक्सेसमध्ये कॉलमचा मथळा पेज हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या माथ्यावर, आणि आकड्याचं खोकं डिटेलमध्ये. दोन्ही एकत्र बांधलेली नसतील तर खोकं सरकवल्यावर मथळा जागेवरच राहतो, आणि 'ओलावा' या नावाखाली बारदान्याचे आकडे आनंदाने छापून येतात. एकूण बेरीज पेज फूटरमध्ये टाकली तर निदान एरर तरी येतो.

म्हणून आमच्याकडे रिपोर्टची मांडणी बदलली की जुन्या आणि नव्या मांडणीत एकाच दिवसाचा रिपोर्ट काढतो, हाताने बेरीज लावतो आणि मगच नवा चालू करतो.

काट्यावरचा

तुम्ही मोठी माणसं मस्त भांडू लालाव. मला एक सांगा, टेबल मला उघडू द्यायचं नाही म्हणता, पण सरांनी फाइल दिली त्याला ना पासवर्ड ना काही. शिफ्ट दाबून उघडली की सुरुवातीचा मेनू येतच नाही, सगळी टेबलं समोर. हे मला कुणी शिकवलं नाही.

क्रिस्टलवाली (छत्रपती संभाजीनगर)

खरं बोललास बाळा. २००७ नंतरच्या ॲक्सेसच्या फाइलीत युजरनिहाय परवानग्या नाहीतच. 'रेकॉर्डला हात लावू नका' हे हिशेबनीस साहेबांचं स्वप्न त्या फाइलीत पुरं होणार नाही. टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेसमध्ये न्या, ते फुकट आहे. तिथं एका लॉगिनला वाचायची, दुसऱ्याला नोंद घालायची परवानगी देता येते. स्क्रीन आणि रिपोर्ट ॲक्सेसचेच राहू द्या.

उदगीरकर

आणि बदल करायच्या लॉगिनचा पासवर्ड कोणाकडे? साहेब तुळजापूरला लग्नाला गेले आणि इकडे पट्टी अडकली तर?

मोंढ्यातला हिशेबनीस (लातूर)

रद्द करायला तो पासवर्ड लागत नाही. रद्दची खूण टाकणं ही नवी नोंदच आहे, तेवढा हक्क काट्यावरच्या लॉगिनला द्यायचा. पोरगं रद्द करेल, कारण टाइप करेल, नवी पट्टी काढेल. मी लग्नात जेवत असलो तरी अडत नाही.

उदगीरकर

आणि कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी 'चूक' एवढंच लिहिलं असेल, ते बघायला या हंगामात.