मदत हवी आहे: चार फुटी फिश टँकचा स्टँड लोखंडी करू की प्लायचा?

सोनपंख
चार फुटी टँकची ऑर्डर दिली आहे, शनिवारी घरी येतोय. स्टँडचं अजून ठरत नाही. वेल्डर म्हणतो लोखंडी करा. सुतार म्हणतो मरीन प्लायमध्ये (पाण्याला टिकणारा प्लायवूड) कपाटच करून देतो, आत फिल्टर लपेल. दोघांनाही उद्या सकाळी सांगायचंय. ज्यांच्याकडे मोठे टँक आहेत त्यांनी प्लीज लवकर सांगा.

पाणवठा
डोळे मिटून लोखंडी. दीड इंची चौकोनी पाइप, २ एमएम जाडीचा, सहा पाय. मधले दोन पाय वेल्डर विसरतात, ते बजावून सांगा. वरच्या चौकटीवरचे वेल्डिंगचे फुगवटे ग्राइंडर मारून सपाट करून घ्या, एक जरी राहिला तरी तळाच्या काचेवर तिथेच दाब येतो. रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) चे दोन हात, मग ऑइल पेंट.

रंधा
आमच्याकडे प्लायचाच आहे, इतकी वर्षं काही झालेलं नाही. मरीन प्लायचा आयएस ७१० शिक्का बघून १९ एमएम घ्या, कडा उघड्या ठेवू नका. फुगतो तो एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेले बोर्ड), त्यावरून प्लायला नावं ठेवणं बरोबर नाही. लोखंड वेल्डच्या सांध्यात आतून गंजतं आणि दिसत पण नाही.

पाणवठा
प्लायचं वजन पेलणं शेवटी सुताराच्या जोडणीवर असतं. फळ्या उभ्या पट्ट्यांवर बसवल्या की नुसत्या स्क्रूवर लटकवल्या, हे बाहेरून कळत नाही.

ओळंबा
चार फूट ही नुसती लांबी झाली. रुंदी, उंची, काचेची जाडी? कितवा मजला? इमारत खांबांवर आहे की भिंतींवर? टँक घरात नक्की कुठे ठेवणार?

सोनपंख
४ बाय दीड बाय २, काच १२ एमएम. तिसरा मजला, डोंबिवली. इमारत १९८६ ची, खाली पार्किंगमध्ये खांब आहेत. पण मी फक्त स्टँडचं विचारलंय.

श्रीवर्धिनी
टँक ईशान्येला ठेवा. दक्षिणेला अजिबात नको. काळा मासा एक तरी हवाच.

ओळंबा
सोनपंख, स्टँड कसलाही केलात तरी वजन शेवटी स्लॅबवरच येणार, म्हणून विचारलं. तुमचा टँक १२ घनफुटांचा. एका घनफुटात साधारण २८.३ लीटर पाणी, म्हणजे ३४० लीटर. काच ७५ किलोच्या आसपास, रेती चाळीसेक किलो, वर स्टँड. साडेचारशे किलोच्या पुढे, तेही सहा चौरस फुटांत. घराची स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून डिझाइन करतात, तुमचा टँक तेवढ्या जागेत त्याच्या चौपट. बीमलगत, भिंतीला टेकून ठेवलात तर धडधाकट स्लॅबला सहसा अडचण येत नाही. खोलीच्या मध्ये नको. जागा सांगा.

सोनपंख
हॉलमध्येच, पूर्वीची गॅलरी आत घेतली आहे त्या भागात. उजेड छान येतो.

ओळंबा
तिथे नको! गॅलरीची स्लॅब बाहेर लोंबती, एकाच बाजूने धरलेली. तिच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात आणि इतक्या पावसाळ्यांत त्या गंजल्या असतील तर खालून कळणारही नाही. हॉलच्या छताकडे बघा. मजले एकसारखे असतील तर वर जिथे बीम दिसतो, त्याच रेषेत तुमच्या फरशीखालीही बीम असतो. त्याच्या वर ठेवा. गळतीमुळे प्लास्टर सुटलं असेल किंवा सळ्या दिसत असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

कोळंबी
शिवाय खिडकीत ऊन आलं की शेवाळ काचेवरून हटत नाही. मला यावरून तारापोरवाला मत्स्यालय आठवलं, १९५१ चं. लहानपणी मरीन ड्राइव्हला गेलो की आधी तिथेच. कुर्ल्याला मासे कुठे चांगले मिळतात, कोणी सांगेल का?

निवळशंख
मासे शनिवारी आणू नका, एवढं माझं ऐका. फिल्टरमध्ये जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ते माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्याआधी भरपूर मासे सोडले की पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण अमोनियामुळे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात.

सोनपंख
छत बघितलं. बेडरूमच्या भिंतीच्या रेषेत बीम आहे, प्लास्टर ठीक आहे. तिथेच ठेवतो. लोखंडीच सांगितला.

पाणवठा
उत्तम. पायांखाली चार इंची चौरस प्लेटा लावायला सांगा. आणि त्या जागेच्या टाइल्सवर नाण्याने वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर ती टाइल पायाखाली फुटेल. चौकटीवर प्लाय, त्यावर अर्धा इंच थर्माकोल, मग टँक. पाणसळ दोन्ही दिशांनी लावा.

रंधा
कपाटाचं दार तरी प्लायचं करा.

सोनपंख
करतो. पण प्लग पॉइंट तिथून लांब आहे, एक्स्टेंशन बोर्ड चालेल?

ओळंबा
चालेल, पण जमिनीवर टाकू नका, भिंतीवर टँकच्या बाजूला ठोका, टँकच्या खाली कधीच नको. प्रत्येक वायर आधी बोर्डाच्या खाली लोंबू द्या, मग वर घ्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथूनच गळून पडेल. आणि घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का?