मदत हवी आहे: आईचा तोल जातो, प्लँक किती सेकंद करायला लावू?

चाफा_नौपाडा:
आईचा तोल जायला लागलाय. माझा जिमचा ट्रेनर म्हणाला, कोअर कमजोर आहे, प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ ताठ धरून राहणं) करायला लावा. मी दीड मिनिट करते, आई दहा सेकंदांत थरथरते आणि चिडते. रोज किती सेकंद वाढवू? लवकर सांगा. पुढच्या महिन्यात तिला भावाकडे पुण्याला सोडायचंय, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

नेरुळकर:
वय काय आईंचं? कधी पडल्यात का?

सूर्योदय६३:
प्लँक सोडा. रोज १२ सूर्यनमस्कार. मी ६३ वर्षांचा, २० वर्षांत खंड नाही. पोट, पाठ, खांदे सगळं त्यात येतं.

नेरुळकर:
अहो, तोल जाणाऱ्या माणसाला सारखं खाली वाकवून वर उठवायचं? चक्कर असेल तर तिथेच पडतील.

सूर्योदय६३:
चक्कर येते असं त्यांनी कुठे लिहिलंय? आपल्याकडचं काही सांगितलं की लोकांना शंका.

गौरी_कोपरखैरणे:
मॅट ४ एमएमची घेऊ नका, कोपरं सोलवटतात. जाड घ्या.

फिजिओ_वाशी:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोअर म्हणजे नुसतं पुढचं पोट नव्हे. पोटाचा आतला आडवा स्नायू, मणक्यालगतचे स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, हे सगळे मिळून धड सावरतात. प्लँकमध्ये वयस्कर माणसं श्वास रोखून धरतात, त्याने रक्तदाब चढतो. आणि उभ्याचा तोल उभं राहूनच सुधारतो: ओटा धरून एका पायावर १० सेकंद, हात न टेकता खुर्चीतून उठणं, टाचेला चवडा लावून भिंतीकडेने चालणं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये ६५ पुढच्यांना आठवड्यातून निदान ३ दिवस तोल आणि ताकद दोन्हींचे व्यायाम सांगितलेत. तुमचा प्लँक तुमच्या वयाला ठीक आहे, तो जसाच्या तसा आईंना लावू नका. पण आधी सांगा: वय, गोळ्या, आणि तोल नेमका कधी जातो?

चाफा_नौपाडा:
सॉरी, घाईत राहिलं. वय ७२. दोनदा धडपडली, दोन्ही वेळा पहाटे बाथरूमला जाताना. दिवसा कचराळी तलावाला फेऱ्या मारते, तेव्हा काही होत नाही. बीपीची गोळी आहे, दिवाळीनंतर डोस वाढलाय. पण त्याचा कोअरशी काय संबंध?

फिजिओ_वाशी:
कोअरशी नसेलही, धडपडण्याशी असू शकतो. घरी मशीन असेल तर ५ मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी घ्या, जवळ उभ्या राहा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मनाने बंद करू नका.

सूर्योदय६३:
मग नमस्कार तूर्त नकोत, माझं मागे घेतो. बी१२ पण तपासा. आमच्या वहिनींना पायाखालची जमीनच कळेनाशी झाली होती, तेव्हा बी१२ फार कमी निघालं.

चाफा_नौपाडा:
आत्ताच मोजलं. आडवी असताना १३८/८२, उभी राहून एका मिनिटाने ११२/७४. आई म्हणते, पहाटे उठल्यावर रोज डोळ्यांपुढे अंधारी येते, तू विचारलंच नाहीस. मी तिला महिनाभर प्लँक करायला लावत होते. उद्या सकाळीच डॉक्टरांकडे नेते. तोवर ते ओटा धरून उभं राहणं करू दे का?

फिजिओ_वाशी:
करू दे, पण उठल्या उठल्या नाही. नाश्ता झाल्यावर, मागे खुर्ची ठेवून. पहाटे उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग उभं राहायचं.

नेरुळकर:
आणि बाथरूमच्या वाटेवरचा दिवा आज रात्रीपासूनच चालू ठेवा.