‘द वन’मधली सरळ रेघ आणि वर्तुळ : मारामारीत विचार नसतो?

तिसरी घंटा :
गेल्या आठवड्यात समांतर विश्वांच्या सिनेमांवर गप्पा चालल्या होत्या. तिथे चौकट यांनी लिहिलं, “जेट लीचा ‘द वन’ म्हणजे ‘मॅट्रिक्स’चं उष्टं. एकच नट दोनदा दाखवलाय, दोघांत फरक कपड्यांचा. विषय शून्य.” सोडून देणार होतो, पण चार दिवस डोक्यातून जाईना.

चौकट, तुम्ही चेहरे बघत बसलात. पायांकडे लक्षच दिलं नाहीत.

जेट ली दोन रूपांत आहे : खलनायक युलॉ आणि दुसऱ्या विश्वातलं त्याचंच रूप, गेब. युलॉ लढतो ती शिंग-यी ही चिनी युद्धकला. पाऊल पुढे, मूठ पुढे, मधे येईल ते फोडत जायचं. तिच्या पाच मुठी पाच तत्त्वांच्या (आपली पंचमहाभूतं नव्हेत, त्यांच्यात लाकूड आणि धातू आहेत). गेब लढतो ती बाग्वा, दुसरी चिनी युद्धकला. वर्तुळावर चालायचं, तळवा उघडा ठेवायचा, समोरच्याचा जोर अंगावर न घेता कडेनं काढून द्यायचा. दोन्ही उत्तर चीनच्या, दोन्ही ‘आतल्या’ (स्नायूंपेक्षा श्वासावर आणि मनावर भर देणाऱ्या) शैलीच्या, म्हणजे सख्ख्या बहिणीच. एकाच माणसाच्या दोन रूपांना एकाच घरातल्या दोन विद्या दिल्यात. हे कपडेपटाचं काम नव्हे.

आता गोष्ट आठवा. युलॉ १२३ विश्वांतल्या स्वतःला मारून आलाय. प्रत्येक खुनागणिक उरलेल्यांत ताकद वाटली जाते, आणि ती सगळी एकट्याला हवी म्हणून तो निघालाय. त्याच्या लेखी सगळी विश्वं म्हणजे एक सरळ रेघ, जिच्या टोकाला तो स्वतः. गेबलाही तेवढीच ताकद मिळालीय, न मागता. तो लॉस एंजलिसमध्ये शेरीफच्या खात्यात नोकरी करतो आणि संध्याकाळी बायकोकडे घरी येतो. शेवटच्या मारामारीत तो युलॉच्याच तऱ्हेनं जोराला जोर लावतो तेव्हा मार खातो. वर्तुळात शिरतो तेव्हा सावरतो. यावर संवाद लिहिलेला नाही, म्हणून तुम्हाला विषय दिसला नाही.

मी पुण्यात आठ वर्षं कराटे केलं. गुडघा गेल्यावर एका वयस्कर सरांकडे वर्तुळावर चालायला शिकलो. पहिले तीन महिने आंब्याच्या झाडाभोवती फक्त चालणं, हात वर करायचीसुद्धा परवानगी नाही. त्या काळात हा सिनेमा पुन्हा पाहिला आणि मला रडू आलं. तो सिनेमा शून्य विषयाचा म्हणता?

चौकट :
माझ्या दोन ओळींवर एवढा निबंध! पायांकडेही लक्ष होतं, साहेब. मारामारीत नटाला तारेनं उचलतात, तसे पाय तारेला लटकलेले होते. ज्या माणसानं १९८२च्या ‘शाओलिन टेंपल’मध्ये तारेशिवाय सगळं करून दाखवलं, त्याला इथं दोन्ही हातांत एकेक मोटारसायकल धरून पोलिसाला मधे चिरडायला लावलंय. शिंग-यीच्या पुस्तकात हे कुठल्या पानावर आहे? आणि जेट ली समोरासमोर आला की त्यातला एक बदली माणूस, त्यावर संगणकानं चिकटवलेला चेहरा. अर्धी विद्या तर त्या बदली माणसाची.

वर ती ठणाणा गाणी. पोलीस संथ गतीत पडतात आणि मागे ड्रम. २००१ साली हेच चालायचं, ठीक. पण याला तत्त्वज्ञान म्हणू नका. समांतर विश्वं आणि मारामारी एकत्र बघायची तर ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’ हा सिनेमा आहे. सात ऑस्कर मिळाली. त्यातल्या नायिकेचा, मिशेल योहचा, प्रत्येक हात गोष्टीसाठी उठतो.

कोकणकडा :
चौकट, तुमच्याच उदाहरणानं तुम्ही अडकलात. त्यात नवऱ्याचं काम करणारा, कमरेच्या पिशवीनं पहारेकऱ्यांना झोडपणारा के ह्वी क्वान ‘द वन’च्या मारामारी बसवणाऱ्या चमूत होता, कोरी युएनच्या हाताखाली. पडद्यावर काम मिळेना म्हणून तो कॅमेऱ्यामागं गेला होता. ज्याला २०२३ साली ऑस्कर मिळालं, तो हे सगळं ज्या कारखान्यात शिकला त्याला उष्टं म्हणायचं?

चौकट :
ही माहिती नवी आहे, मान्य. पण चांगला आचारी एखाद्या खानावळीत भांडी घासत होता म्हणून त्या खानावळीचं वरण चांगलं ठरत नाही.

निळावंती :
समांतर विश्व म्हटलं की आपण हॉलिवुडच का धरून बसतो? नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हे कितीतरी आधी केलं. विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते आणि अख्खा इतिहास फिरतो. तिथे कारण आहे : एक गोळी, एक क्षण, दोन फाटे. ‘द वन’मध्ये एक रूप चांगलं आणि एक वाईट का, याचं कारणच नाही.

धनगरवाडा :
नारळीकरांबद्दल आदर आहे, पण विश्वासराव वाचले असते तर पानिपत जिंकलं असतं हे मला कधीच पटलेलं नाही. फौज अडीच महिने उपाशी, बरोबर यात्रेकरू आणि बाजारबुणगे, जाटांचा राजा सूरजमल आधीच माघारी गेलेला. गोळी चुकली म्हणून पोटात भाकरी येते का?

निळावंती :
गोष्ट वाचलीत का नीट? प्रश्न भाकरीचा नाहीच, सैन्याच्या धीराचा आहे. विश्वासराव पडले आणि भाऊ हत्तीवरून उतरले. अंबारी रिकामी दिसली आणि फौज फुटली. दुपारपर्यंत पारडं आपलं होतं.

धनगरवाडा :
आणि आता मल्हाररावांवर येणार तुम्ही! येऊ नका. दर वेळी पानिपत निघालं की होळकर पळाले म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी धनगरांच्या वाड्यांवर वाढलोय, आजीच्या तोंडून दुसरी बाजू ऐकलीय. तुमच्या समांतर विश्वातसुद्धा दोष आमच्याच माथी?

निळावंती :
मी मल्हाररावांचं नावसुद्धा घेतलेलं नाही. वर जाऊन वाचा.

कोकणकडा :
खरं तर पानिपतानं आपल्याला ‘द वन’ची गोष्टच दिलीय. भाऊंचा तोतया. मेला म्हणतात तोच माणूस वर्षांनी समोर उभा, तोच मी म्हणतो, आणि लोक मानतात. १७७६ साली त्याला मारलं. एका माणसाच्या दोन प्रती पुणे दरबाराला सोसल्या नाहीत.

धनगरवाडा :
तो तोतया नव्हता असं मानणारेही होते. तो वेगळा धागा काढा, मी तयार आहे.

तिसरी घंटा :
पानिपताचं खरंच वेगळ्या धाग्यावर न्या, विनंती आहे. निळावंती, कारण नाही म्हणता, पण कारण सिनेमात आहे. युलॉ मुळात विश्वांची राखण करणाऱ्या खात्यातलाच माणूस. स्वतःच्याच एका रूपाशी गाठ पडते, स्वसंरक्षणात ते मारलं जातं आणि अंगात ताकद शिरते. पहिला खून त्यानं ठरवून केलेला नाही, पण त्याची चव लागली. विश्वासरावांच्या गोळीसारखाच एक क्षण.

रानजाई :
मी सहसा लिहीत नाही, पण जुळ्यांविषयी बोलायचा हक्क मला आहे. मी आणि माझी बहीण एकसारख्या दिसतो, आईसुद्धा फोनवर चुकते. दहावीला तिला दोन गुण जास्त पडले. घरात एकीच्याच फीचे पैसे होते, ती शहरात गेली, मी गावात राहिले. मधली सहा वर्षं मी तिच्याशी धड बोलले नाही. माझं काहीतरी तिच्यात जाऊन बसलंय असं वाटायचं. ती आजारी पडली तेव्हा क्षणभर बरं वाटलं, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

‘द वन’ मी केबलवर हिंदीत पाहिला. एक रूप मेलं की उरलेल्यांना ताकद मिळते, हे ऐकताना मी टीव्ही बंद केला होता. चौकट, तुम्ही याला विषय शून्य म्हणालात. निळावंती, तुम्ही कारण विचारलंत. आमच्यात फरक दोन गुणांचा होता.

निळावंती :
रानजाई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. बहीण कशी आहे आता?

रानजाई :
बरी आहे. दिवाळीला येते. पण बोलताना दोघी जपून बोलतो.

चौकट :
काल रात्री सिनेमा पुन्हा लावला, आवाज बंद करून, फक्त पाय बघत. मोटारसायकल अजूनही भंकस आहे, चेहरे अजूनही चिकटवलेले दिसतात, आणि गेबला बायको मेल्यावर दुःख करायला एक मिनिटसुद्धा मिळत नाही. यातलं एकही मागं घेणार नाही. सत्त्याऐंशी मिनिटांत एवढं कोंबायची घाई त्याला नडलीय.

वर्तुळ आहे, तेवढं मान्य. कारखान्यातल्या मारामारीत स्पष्ट दिसतं. कपड्यांबद्दलचं वाक्य मागं घेतो. पण तिसरी घंटा, एवढं लांबलचक लिहून तुम्ही शेवटच सोडून दिलात. युलॉला कैद्यांच्या जगात फेकलंय. तो त्या पिरॅमिडसारख्या ढिगाच्या टोकावर चढून उभा, आणि चारी बाजूंनी माणसं वर येतायत. समोरच्याला फोडून पुढे जायला तिथं पुढे जागाच नाही. सबंध सिनेमाभर सरळ चालणारा तो माणूस तिथं जागच्या जागी गोल फिरत लढतोय.