मदत हवी आहे: मालवणच्या उकाड्यात वाइसबिअर (गव्हाची जर्मन बिअर) आंबताना थंड कशी ठेवायची?

बॅच २० लिटरची. ५५ टक्के गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), बाकी पिल्सनर, म्हणजे बार्लीचं फिकट माल्ट. लवंगेच्या वासासाठी मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं माल्ट) आधी ४५ अंशांवर १५ मिनिटं, मग ६६ वर तासभर. इथवर ठीक. गोची होते ती यीस्ट टाकल्यावर. खोलीत ३० अंश, आंबताना बादलीत आणखी दोन-तीन चढतात. लवंगेचा वास दबतो, केळ्याचा उसळतो, वर नेलपॉलिशसारखा उग्र वास. मला १८ ते २० अंश हवेत.

ओलं गोणपाट आणि पंखा इथे कुचकामी, दमट हवेत पाणी सुकतच नाही. टबात बर्फाच्या बाटल्या ठेवल्या तर पारा रात्री खाली, दुपारी वर.

वीज गेली तरी टिकेल असा उपाय आहे का कुणाकडे? पहिले तीन दिवस सांभाळले तर पुरेल का? क्वाइक (उष्णतेत चालणारं नॉर्वेचं यीस्ट) नको, त्यात लवंग येत नाही.