मोडेमला नवा राउटर जोडल्यानंतर खालच्या मजल्यावरील प्रिंटर वरून दिसत नाही

प्रश्न (साखर पेठ, सोलापूर)

नमस्कार. आमच्या जुन्या घरात तळमजल्यावर टॉवेलच्या व्यवसायाचे कार्यालय आणि वर राहती जागा आहे. दगडी भिंती फार जाड असल्यामुळे खाली बसवलेल्या फायबरच्या मोडेमचे वायफाय वर पोहोचत नाही. म्हणून मी वेगळा राउटर आणला आणि मोडेमपासून जिन्यावरून केबल नेऊन ती राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत येण्याच्या जागेत) लावली. सुरुवातीला इंटरनेट आलेच नाही, कारण दोन्ही डब्यांचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता. भाच्याने नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ असा बदलल्यावर ते सुरू झाले. मात्र आता वरच्या लॅपटॉपवर खालच्या प्रिंटरचे नाव येत नाही आणि रात्री बिले छापायची असली की लॅपटॉप घेऊन खाली उतरावे लागते. मोडेम रीसेट करून पाहावा काय?

उत्तर १ (जुळे सोलापूर)

मोडेम कृपया रीसेट करू नका. त्याच्या मागच्या छिद्रात टाचणी दाबल्यास कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत कार्यालयाचे काम थांबेल.

आपण ज्याला मोडेम म्हणतो तो फायबरचा डबा बहुतेक घरांत केवळ मोडेम नसतो. घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देणे, वायफाय पुरवणे ही राउटरची कामेही तोच करतो. आपण त्याच्या पुढे दुसरा राउटर जोडल्यामुळे घरात दोन स्वतंत्र नेटवर्क तयार झाली आहेत. प्रिंटर स्वतःची ओळख देण्यासाठी जो संदेश प्रसारित करतो, तो आपल्याच नेटवर्कपुरता फिरतो आणि राउटर ओलांडून पलीकडे जात नाही, म्हणून इंटरनेट चालत असूनही प्रिंटर यादीत येत नाही. भाच्याने केलेला बदल चुकीचा नव्हता. त्यामुळे पत्त्यांचा गोंधळ मिटला, पण नेटवर्क दोनच राहिली.

नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (वेगळे नेटवर्क न करता फक्त वायफाय पुरवण्याचा पर्याय) असेल तर तो निवडावा. बाकीचे बदल राउटर स्वतः करतो. तो पर्याय नसेल तर लॅपटॉप केबलने नव्या राउटरला जोडून आधी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा, मग नव्या पत्त्यावर पुन्हा प्रवेश करून त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे, आणि शेवटी मोडेमकडून आलेली केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडण्याच्या जागेत) लावावी. हा क्रम पाळणे आवश्यक आहे, कारण डीएचसीपी आधी बंद केल्यास लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि सेटिंगचे पान उघडणे अवघड होईल. मोडेम वाटत असलेल्या पत्त्यांच्या यादीत १९२.१६८.१.२ येत नाही, एवढे आधी तपासून घ्यावे.

उत्तर २ (होटगी रोड)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. केबलविषयी थोडे सांगतो. ती किमान कॅट ५ई प्रतीची असावी आणि तिच्या आठही तारा नीट जोडलेल्या असाव्यात, कारण चारच तारा लागल्या तर जोडणी चालते पण वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. जिन्याचा भाग उघडा असेल तर केबल पाइपमधून न्यावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घरात वापरायच्या केबलचे आवरण उन्हाने लवकर कडक होऊन तडकते. शिवाय वीज गेल्यावर वरचा राउटर इन्व्हर्टरवर चालू राहिला तरी खालचा मोडेम बंद पडल्यास इंटरनेट मिळणार नाही, म्हणून दोन्हींना आधार हवा. मोडेमसाठी छोटा यूपीएस घेताना ॲडाप्टरवरील व्होल्ट आणि ॲम्पिअर पाहूनच घ्यावा.

उत्तर ३ (विजापूर रोड)

मोडेम ब्रिज मोडमध्ये ठेवून, म्हणजे त्याची राउटरची कामे बंद करून, सगळे काम नव्या राउटरकडे देणे हा दुसरा मार्ग आहे. त्यासाठी कंपनीकडून पीपीपीओईचे (कंपनीच्या जोडणीत प्रवेश करण्याच्या पद्धतीचे) नाव व पासवर्ड, आणि लागत असल्यास व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या नेटवर्कमधील विभागाचा क्रमांक) घ्यावा लागतो. परंतु ब्रिज मोडमध्ये खालच्या मोडेमचे वायफाय सहसा उपयोगी राहत नाही आणि कार्यालयासाठी पुन्हा वेगळी सोय करावी लागते, त्यामुळे आपल्या घरासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नव्हता, म्हणून रविवारी कार्यालय बंद असताना पहिल्या उत्तरातील क्रमाने बदल केले. मोडेमची यादी १९२.१६८.१.२ पासूनच सुरू होत होती. ती १९२.१६८.१.१० पासून सुरू केली आणि मगच पुढे गेलो. केबल लॅनमध्ये लावल्यावर प्रिंटर लगेच यादीत आला आणि वरूनच एक बिल छापून पाहिले. दोन्हीकडे वायफायचे नाव व पासवर्ड एकच ठेवले असून २.४ गिगाहर्ट्झवर खाली चॅनेल १ आणि वर ११ दिले आहे. जिन्यातील केबलसाठी पाइप या आठवड्यात बसवून घेत आहे.