गच्चीवरची बाग एका रविवारात शिकवून होते का?

पालापाचोळा: कालच्या धाग्यात एकाने वॉर्डातल्या मोफत कार्यशाळेची सूचना डकवली: 'तीन तासांत गच्चीवरची बाग. माती, शेणखत, कोकोपीट समभाग, रोज सकाळी पाणी. टोमॅटोचं रोप घरी न्या.' खाली सगळ्यांचं वाहवा वाहवा. मला हे अजिबात पटत नाही. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, लादी दोन-तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय वापरू नये, त्यात क्षार असतात, हे कोण सांगणार? तिसरा हिस्सा कोकोपीट आणि वर रोज पाणी म्हणजे वरचा थर कोरडा, खाली मात्र चिखल. मुळं कुजतात, पानं मलूल होतात, आणि पाणी कमी पडलं समजून माणूस आणखी ओततो. बोट दोन पेरं खुपसा, ओल लागली तर पाणी नको, एवढं तरी शिकवा! शिवाय खरी अडचण पहिल्या रविवारी दिसतच नाही. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी कीड, येतो पंधरवड्याने, फूलगळ दीड महिन्याने. तेव्हा शिकवणारा कुठे असतो? एकाच गटाला हंगामात चार वेळा बोलवा.

सदाफुली: चार रविवार म्हटलं की नोकरदार येणारच नाहीत. सुरुवात तरी होऊ द्या की. फूलगळीचं आत्ता सांगून कुणाच्या लक्षात राहतं?

पालापाचोळा: आत्ता सांगून राहत नाही, म्हणूनच तेव्हा परत बोलवा म्हणतोय. टोमॅटोची फळं बुडाशी काळी पडली की लोक बुरशीनाशक मारतात. ती बुरशी नसते. पाणी कधी भरपूर, कधी नाही, त्यामुळे फळाला कॅल्शियम पोहोचत नाही. हे फळ हातात धरूनच दाखवावं लागतं. श्री. अ. दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवार' या शेती-प्रयोगांच्या चळवळीत शेतकरी आपापले प्रयोग एकमेकांना सांगत शिकले, एका व्याख्यानात नव्हे.

चौथा मजला: खतपाण्यावर भांडताय, स्लॅबचं कुणी बोलत नाही. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या इमारतीवरच्या भाराच्या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलाय. फूटभर ओली माती ५०० किलोच्या घरात जाते. कार्यशाळेत विटांचे वाफे शिकवतात, हे नाही शिकवत.

पालापाचोळा: फूटभर माती भरा असं कोण म्हणालं? वाफ्यात सहा इंच कुजलेला पालापाचोळा नि उसाचं चिपाड, वर दोन इंच माती.

चौथा मजला: त्याचाच हिशेब करा. ओला पाला चौरस मीटरला शंभरच्या आसपास, दोन इंच माती ऐंशीच्या वर. विटा धरल्याच नाहीत, तरी १५० ओलांडले.

सदाफुली: अहो, विषय शिकवण्याचा आहे. धागा पळवू नका.

चौथा मजला: पळवत नाही! खालच्या घराच्या छताला ओल आली की सोसायटी आधी बाग बंद करते. मग चार रविवार घ्या नाहीतर चाळीस. वाफा थेट कोब्यावर, म्हणजे गच्चीच्या जलरोधक थरावर, ठेवला की ओल तिथेच मुरते, पाला वाहून पन्हाळीच्या तोंडाशी बसतो, पाणी तुंबतं, आणि कोब्याच्या भेगेत पिंपळ उगवतो. पहिला तास याच्यावरच हवा.

पालापाचोळा: मधोमध वाफा नको, हे मान्य. भिंतीलगत, बीमच्या वर, अरुंद वाफा. तोही इंजिनिअरला दाखवून. पण त्यासाठी वाफेच शिकवू नका म्हणाल तर ऐकणार नाही.

चौथा मजला: तसं म्हटलेलंच नाही. कुंड्या विटांवर चार इंच उचला, पन्हाळीच्या तोंडाला जाळी बसवा, ती दर आठवड्याला साफ करा. हे लिहून द्या.

सदाफुली: टोमॅटोबद्दल तुमचं बरोबर आहे, नाइलाजाने कबूल करते. पहिल्यांदा येणाऱ्याला मेथी द्यावी. सहा इंच खोल ट्रे पुरतो, महिन्याभरात भाजी हातात येते, आणि चुकलं तर मूठभर बीच जातं. चार नको, दोन रविवार धरा: पेरणीचा आणि काढणीचा. काढणीला येताना ज्याने-त्याने आपला ट्रे आणायचा, बिघडलेला असला तरी.

पालापाचोळा: बिघडलेले आधी मांडा. दोन चालतील, पण मधल्या पंधराव्या दिवशी पानांच्या मागच्या बाजूचा फोटो गटावर मागवा. मावा तिथेच असतो, आणि तेव्हा नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघतो.