बाजारपेठ आणि तिथली माणसं : अनुभव धागा

फडकेरोडी
दिवाळी जवळ आली की फडके रोड आठवतोच. नरकचतुर्दशीच्या पहाटे अख्खी तरुण डोंबिवली नवे कपडे घालून गणपतीच्या देवळाकडे निघते. गुढीपाडव्याची स्वागतयात्राही १९९९ पासून याच गावची. पण ही गर्दी सणापुरती. रस्त्यावरची माणसं एकमेकांना धरून राहतात ती रोजच्या देण्याघेण्यामुळे. उधारी, गिरणी, भिशी... ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहा.

वाणसामान
उधारीच्या वह्या दोन हव्यात. एक दुकानात, एक गिऱ्हाइकाकडे. माल देतानाच दोन्हीत नोंद: तारीख, जिन्नस, वजन, रक्कम. नंतर लिहू म्हटलं की पावशेर साखरेवरून वाद ठरलेला. पान उलटताना 'मागील बाकी' पुढे न्यायची राहते, सगळ्यात जास्त घोळ तिथेच. पगार झाला की १० तारखेच्या आत हिशोब. पूर्ण जमत नसेल तर थोडे तरी भरा आणि दुकानात येत राहा. बाकी कधीही फिटते, पण गिऱ्हाईक तोंड चुकवून पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागलं की संपलं.

दळणवाली
अगदी खरं!! गिरणीचं सांगते. डबा ठेवताना "आधी काय दळलंय?" विचारायचंच. हरभरा डाळीवर लगेच गहू पडला तर सुरुवातीचं पीठ पिवळट येतं, पोळीला डाळीचा वास. म्हणून नंबर असला तरी बायका आपापसात डबे पुढेमागे करतात, गव्हाचे सगळे एकापाठोपाठ. उपासाची भाजणी सकाळी, गिरणी झाडूनपुसून झाल्यावर पहिली. चकलीची भाजणी पूर्ण गार करून न्या. कोमट असताना झाकण लावलं की वाफ धरते, पीठ ओलसर होतं.

नवी_सुगरण
भाजणीचं प्रमाण द्या ना प्लीज

दळणवाली
तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूगडाळ १, धणे पाव वाटी, जिरे २ चमचे. धुऊन, सावलीत वाळवून, प्रत्येक वेगळं भाज गं. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालं असं समज.

शटर_अर्धं
भिशी. १२ दुकानदार, प्रत्येकी महिना २,००० म्हणजे दर महिन्याला २४,००० जमतात. ५ तारखेला चिठ्ठी, सगळ्यांसमोर, शक्यतो लहान पोराच्या हातून; नाव निघेल त्याला त्या महिन्याची सगळी रक्कम. बुडते कशाने? ज्याला पहिल्या दोन-तीन महिन्यांत रक्कम मिळाली तो पुढे भरायचं थांबतो. त्यामुळे सुरुवातीच्या नंबरांना गटातलाच एक जामीन घ्या, वहीवर सही घ्या. कुणाकडे आजारपण निघालं तर चिठ्ठी न टाकता त्याला आधी द्यायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. भिशीचं खरं मोल तेच.

फॉल_पिको
घाईत लिहितेय, मुलं उठली. साडीचा फॉल रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच टेलरताईंना द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि काठ गोळा होतो. पदराच्या उलट टोकाकडून वीतभर सोडून सुरू करायचा. रंग जुळवायला साडीच न्या, फोटो नको.

नवी_सुगरण
@दळणवाली ताई, तांदूळ रेशनचा चालेल का? जुना आहे.

दळणवाली
चालेल, जुनाच बरा. सोनकिडे बघून घे फक्त.